तिन्हीसांजेचा अभ्यास

संध्याकाळचे साडेपाच वाजले की आजींचं गाठोडं बांधणं सुरू होतं. उशीचा अभ्रा, दोन लुगडी, पावडरचा डबा, औषधाची रिकामी बाटली, सगळं एका चादरीत गुंडाळून त्या दाराशी येऊन उभ्या राहतात. "मला घरी सोडा, पोरं शाळेतून आली असतील." स्मृतिभ्रंशाच्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. वॉर्डाच्या वहीत त्याची नोंद बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेली सापडते: "पेशंट ॲजिटेटेड, ऐकत नाही, समजावलं."

या एका ओळीत काय काय राहून गेलं ते शोधायला शिकवणारं उच्च शिक्षण आता नोकरी न सोडता घेता येतं. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात स्मृतिभ्रंशासाठीचं केंद्र १९८९ मध्ये सुरू झालं, आणि तिथला पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने शिकवला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला टॉम किटवुड या मानसशास्त्रज्ञाने या शुश्रूषेचा विचारच नव्याने मांडला. त्या विद्यापीठानेही काम करणाऱ्या लोकांसाठी दूरस्थ अभ्यास उभा केला. या अभ्यासक्रमांचे विद्यार्थी म्हणजे दहा-पंधरा वर्षं काम केलेल्या नर्स, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओ, समाजसेवक, डॉक्टर. पुण्या-मुंबईत बसून असा अभ्यास करणाऱ्यांसाठी आणि ब्रिटनमधल्या केअर होममध्ये ड्युटी करणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहितो आहोत.

दूरस्थ म्हटलं की आपल्याकडे दुय्यम, असा एक समज आहे. या विषयापुरता तरी तो चुकीचा आहे असं आमचं ठाम मत आहे. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याचा वॉर्ड सुटलेला असतो. दूरस्थ विद्यार्थ्याने सकाळी वाचलेलं दुपारपाळीत तपासून पाहायचं असतं, आणि पुस्तक कुठे लागू पडत नाही ते त्याला त्याच दिवशी कळतं.

गाठोड्याकडे परत येऊ. पहिल्याच मॉड्यूलमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या पहिल्या भागात, सांगितलं जातं की "ॲजिटेटेड", म्हणजे अस्वस्थ, हा निष्कर्ष आहे. दिसलं काय ते लिहा. त्यासाठी तीन रकाने आखायचे: आधी काय घडलं, काय घडलं, त्यानंतर कोण काय बोललं-वागलं. नवखा विद्यार्थी "आधी" या रकान्यात मागची पाच मिनिटं लिहितो. लिहायचा असतो पूर्ण दिवस. जेवण बाराला झालं, चारला चहाबरोबर एक बिस्किट, म्हणजे साडेपाचला पोट रिकामं. डायपर सारखा बदलावा लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी कमी दिलं गेलं का? कानाचं यंत्र आंघोळीच्या वेळी काढलं ते अजून खणातच आहे का? ऑफिसची माणसं, फिजिओ, दिवसाच्या मावशी याच वेळी पर्स खांद्याला लावून चपला घालतात. चार माणसं घरी निघालेली पाहिली की आपणही निघावं असं कुणालाही वाटेल. बाहेर अंधारलं आणि आत ट्यूबलाइट लागली की खिडकीची काच आरशासारखी होते, आणि तिच्यात एक अनोळखी म्हातारी टक लावून बघताना दिसते. तेवढ्यासाठी पडदे अंधार पडायच्या आधी ओढावेत, नंतर नव्हे.

यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र काळाचा आहे. हे वागणं सहा महिन्यांपासूनचं की तीन दिवसांपासूनचं? तासा-दिवसांत आलेला, कमी-जास्त होत राहणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम, आणि तो आधीच्या स्मृतिभ्रंशावर सहज स्वार होतो. मागे लघवीचा संसर्ग असेल, बद्धकोष्ठता असेल, किंवा औषधाच्या दुकानातून सर्दीसाठी आणलेली क्लोरफेनिरामीनची साधी गोळी असेल. '४ एटी' नावाची चाचणी दोन मिनिटांत होते: जागेपणा, चार साधे प्रश्न, महिने उलट्या क्रमाने म्हणणं, आणि अचानक झालेला बदल. ४ किंवा त्याहून जास्त गुण आले तर डिलिरियमची शक्यता धरून डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. "वयच झालंय" म्हणून सोमवारपर्यंत थांबायचं नाही.

महिने उलटे म्हणायला सांगितलं की आपल्याकडची अडचण समोर येते. जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा चैत्र-वैशाख ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांचं काय? आजची तारीख विचारली आणि आजोबांनी "श्रावण वद्य पंचमी" असं बरोबर सांगितलं, तर गुण द्यायचा की कापायचा? १९७५ पासून स्मरण आणि आकलन जोखायला जगभर वापरल्या जाणाऱ्या तीस गुणांच्या मिनी मेंटल तपासणीत ऋतू विचारतात, इमारतीचा मजला विचारतात, एक वाक्य लिहायला सांगतात. बैठ्या घराला मजला कुठला? कधी शाळेत न गेलेल्या बाईने वाक्य कसं लिहावं? उलट बाजूही आहे. निवृत्त मास्तर पावकी, निमकी, दिडकी घडाघडा म्हणतात म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण त्यांना साल सांगता येत नाही, कारण लहानपणी घोकलेलं शेवटपर्यंत टिकतं आणि नवं साठवण्याची जागा आधी ढासळते. १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमधल्या निरक्षर वृद्धांचा विचार करून या तपासणीचं हिंदी रूप तयार झालं, ते याच कारणाने. असाइनमेंटमध्ये तपासणीचे गुण नुसते लिहिणाऱ्याला काठावरचे गुण मिळतात. हा आकडा या माणसासाठी कितपत खरा, असं विचारणाऱ्याचे गुण तिथून पुढे वाढतात.

अभ्यासाचं गणित आधीच मांडून घ्यावं, नाहीतर दुसऱ्या सत्रात दमछाक होते. ब्रिटिश पद्धतीत पूर्ण एम.एस्सी. १८० क्रेडिटची, पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा १२०चा आणि सर्टिफिकेट ६०चं. एक क्रेडिट म्हणजे वाचन, लेखन, चर्चा सगळं धरून १० तासांची मेहनत. म्हणजे ३० क्रेडिटचं एक मॉड्यूल ३०० तासांचं. ते १५ आठवड्यांत बसवायचं तर आठवड्याला २० तास, आणि हे आठ तासांच्या पाळीवर. रात्रपाळीच्या आठवड्यात काही वाचून होत नाही हे गृहीत धरा आणि ते तास आधीच्या आठवड्यात काढा. ब्रिटनमधल्या संध्याकाळी सहाच्या थेट वर्गाला आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. घड्याळ ऑक्टोबर आणि मार्चअखेर बदलतं, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. आमचा सल्ला असा की आधी ६० क्रेडिटला नाव घाला. तिथे थांबलं तरी हातात पूर्ण प्रमाणपत्र असतं. त्याही आधी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाचा स्मृतिभ्रंश समजून घेण्याचा मोफत ऑनलाइन अभ्यास करून पाहावा. त्यात मेंदूची रचना आणि आजाराचे टप्पे चांगले समजतात, आणि आपल्याला इंग्रजी वाचनाचा वेग साधतो का तेही कळतं.

ब्रॅडफर्डच्या कामाजवळ थोडं थांबायला हवं. किटवुड १९९८ मध्ये गेले, पण त्यांनी रेखाटलेलं फूल अजून प्रत्येक अभ्यासक्रमात भेटतं. मध्ये प्रेम, भोवती पाच पाकळ्या. त्यांना मराठीत दिलासा, जिव्हाळा, सामावून घेणं, हाताला काम आणि ओळख असं म्हणता येईल. "हाताला काम" ही पाकळी आपल्याकडे सगळ्यात सोपी आहे. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं: वर्षानुवर्षं केलेली कामं बोटांना ठाऊक असतात, नावं विसरली तरीही. पण ज्यांचा आजार पुढे गेला आहे ते हाती आलेलं तोंडात घालतात. त्यांच्यासमोर कापूस नको, शेंगदाणे तर नकोतच, ते श्वासनलिकेत जातात. त्यांना घड्या घालायला मोठे टॉवेल द्यावेत. घडी घालून झाली की त्यांच्या समोर ती विस्कटून पुन्हा हातात देऊ नये. त्यांना ते कळतं, आणि अपमान झाल्याचं चेहऱ्यावर दिसतं.

"ओळख" ही पाकळी पुस्तकातून जशीच्या तशी उचलता येत नाही. ब्रिटिश साहित्य सांगतं की म्हाताऱ्या माणसाला लाडाच्या सामान्य नावाने हाक मारणं म्हणजे त्याला मूल करून टाकणं. मग आपलं "आजी" काय? मराठीत "आजी" हा मान आहे, नातं आहे. तरीही चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईंना सगळा गाव "बाई" म्हणत आला असेल, तर "आजी" या हाकेला त्या वळून पाहणार नाहीत आणि वहीत नोंद होईल "प्रतिसाद नाही". दाखल करून घेताना नातेवाइकांना एवढं विचारावं की घरात यांना काय म्हणतात: माई, अक्का, काकू, वहिनी, तात्या, अण्णा? आणि "अहो" की "अगं"? "ए आजी, बस खाली" यातल्या "ए"ने काय होतं हे मोजायची पद्धत ब्रॅडफर्डने दिली आहे. तिचं नाव डिमेन्शिया केअर मॅपिंग.

प्रशिक्षित निरीक्षक सामायिक जागेत, म्हणजे दिवाणखान्यात किंवा जेवणघरात, काही तास शांत बसतो. शयनगृहात किंवा न्हाणीघरात नाही. दर पाच मिनिटांनी, प्रत्येक माणसासाठी, तो दोन गोष्टी टिपतो: माणूस काय करत होता याचं अक्षरी चिन्ह, आणि त्याची मनःस्थिती व गुंतलेपण यांचा उणे ५ ते अधिक ५ असा आकडा. जोडीला कर्मचाऱ्यांच्या वागण्याने माणूस कुठे खुजा झाला, कुठे फुलला, त्याच्याही नोंदी. पूर्ण मॅपिंग करायला वेगळं प्रशिक्षण लागतं, ते घेतल्याशिवाय असाइनमेंटमध्ये "मी मॅपिंग केलं" असं लिहू नये. पण त्यामागची शिस्त कुणालाही उचलता येते. एक तास, एकच माणूस, वहीत १२ ओळी. दोनच्या ओळीत "खुर्चीत, डोळे मिटलेले". दोन-पाचला तेच. दोन-दहाला मावशी समोरून गेल्या, डोळे उघडले, मान त्या दिशेला वळली, मावशी थांबल्या नाहीत. दोन-पंधराला पुन्हा डोळे मिटलेले. तास संपतो तेव्हा लक्षात येतं की "दुपारभर झोपून असतात" असं ज्यांच्याबद्दल आपण सांगत होतो त्या माणसाने तीन वेळा मान वळवली होती.

यात चुका ठरलेल्या असतात. पाळी संपल्यावर आठवणीने लिहिलेल्या बारा ओळी निरुपयोगी, कारण आठवण सारखी नीटनेटकी गोष्ट रचत जाते. "कंटाळले होते" असं लिहिलं तर परीक्षक विचारणार, कशावरून? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सगळे कर्मचारी नेहमीपेक्षा गोड वागतात, म्हणून त्या ओळींवर निष्कर्ष उभारू नयेत. कुणी पडायला आलं तर वही बाजूला टाकून उठायचं, निरीक्षण मोडलं तरी चालेल. आणि नोंदी कर्मचाऱ्यांसमोर मांडताना कुणाचंही नाव घेऊन दोष द्यायचा नाही. बारा तासांची पाळी करणाऱ्या, ब्यूरोतून आलेल्या बाईला एकदा हिणवलं की ती पुढच्या वेळी काहीच सांगत नाही, आणि त्या आजींना सर्वांत जास्त ओळखणारी तीच असते.

वेदनेचंही असंच. प्रगत अवस्थेत माणूस "दुखतंय" म्हणत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनॅड या मोजपट्टीत पाच गोष्टी बघतात: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण, आणि समजूत घातल्यावर शांत होणं. प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. ही पट्टी मराठीत आणताना शब्दकोश घेऊन बसलात तर हाती काही लागत नाही. आवाजाच्या ओळीसाठी आपल्याकडे कण्हणं, कुंथणं, विव्हळणं, हुंदके असे वेगवेगळ्या तीव्रतेचे शब्द आहेत, आणि शरीरासाठी "अंग चोरणं" हा एकच शब्द इंग्रजीतल्या अख्ख्या वाक्याचं काम करतो. मावशींना "अंग चोरतात का?" असं विचारलं तर त्या क्षणात सांगतात, "हो, डावीकडे वळवताना." बहुतेकदा तिथे खुब्याचं किंवा खांद्याचं जुनं दुखणं निघतं. मोजायचंही स्वस्थ पडलेलं असताना नाही, हालवताना-वळवताना. विद्यार्थी नेमके इथे चुकतात आणि वेदना शून्य लिहितात.

हे सगळं न बघता गाठोडं बांधणाऱ्या आजींना झोपेची किंवा मनोविकाराची गोळी सुरू होते. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये सरकारसाठी झालेल्या पाहणीत स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १ लाख ८० हजार माणसांना अँटिसायकॉटिक, म्हणजे मनोविकारावरची, औषधं दिली जात असल्याचा आणि त्यामुळे वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत असल्याचा अंदाज निघाला. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर हॅलोपेरिडॉलसारख्या अशाच औषधाने माणूस लाकडासारखा ताठरतो, जिवावर बेततं. नर्सने किंवा थेरपिस्टने गोळी आपणहून बंद करायची नाही. पण सुरू केल्याची तारीख, कारण आणि रोजच्या वागण्याची नोंद ठेवून सहा आठवड्यांनी "ही अजून हवी का?" असं डॉक्टरांना विचारणं हे तिचं काम आहे, आणि तसं विचारायचं बळ नोंदींमुळे येतं.

मराठी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर एक शेरा फार वेळा येतो: वर्णन जास्त, चिकित्सा कमी. यात बुद्धीचा प्रश्न नाही. छापून आलेल्याला प्रश्न विचारायची सवय आपल्या शाळेत लागत नाही. एक उदाहरण घेऊ. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेच्या कामातून झालेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ८१ कुटुंबं, सहा महिने. स्थानिक, खास प्रशिक्षण दिलेले सल्लागार घरी जाऊन कुटुंबाला आजाराची माहिती देत, वागणं कसं सांभाळायचं ते शिकवत, आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देत. काळजी घेणाऱ्यांची मानसिक ओढाताण लक्षणीय घटली. एवढं लिहून थांबणं म्हणजे वर्णन. चिकित्सा पुढे सुरू होते. रुग्णाच्या वागण्यात आणि रोजच्या हालचालींत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक दिसला नाही, तो का? ८१ कुटुंबं पुरेशी होती का? गोव्यात चाललं ते मराठवाड्याच्या वाडीवर, जिथे तरुण माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, तिथे चालेल का? विकसनशील देशांत जगातले ६६ टक्के रुग्ण आणि त्यांच्यावर जेमतेम १० टक्के संशोधन, या तफावतीवरून '१०/६६' हे नाव घेतलेला संशोधकांचा गट १९९८ मध्ये उभा राहिला तो असेच प्रश्न घेऊन. भारतात ६० वर्षांवरच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी कितीतरी घरांत त्याला अजून "म्हातारचळ" म्हणतात आणि "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय मिटवतात.

कायद्याच्या मॉड्यूलमध्ये विशेष सावध राहावं. इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याखाली असं अधिकारपत्र करून ठेवता येतं की माणसाची निर्णयक्षमता गेल्यावरही ते चालू राहतं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की ते संपतं. "वडिलांची पॉवर ऑफ अटर्नी आहे ना" असं म्हणून निर्धास्त बसलेल्या मुलाला हे बँकेच्या खिडकीशी कळतं, आणि मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ब्रिटिश पुस्तकातला सल्ला इथल्या कुटुंबाला जसाच्या तसा देऊ नये. निदान झाल्यावर, क्षमता शाबूत असतानाच, संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र उरकायला सांगावं.

शेवटच्या प्रबंधासाठी आपल्याच वॉर्डातल्या रुग्णांवर संशोधन करायचं बहुतेकांच्या मनात असतं. त्याला विद्यापीठाची आणि इथल्या संस्थेची, दोन्ही नैतिक समित्यांची मंजुरी लागते आणि त्यात काही महिने सहज जातात. वेळ नसेल तर प्रसिद्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा घ्यावा, तो कमी प्रतीचा नसतो. रुग्णाचा फोटो किंवा व्हिडिओ सहाध्यायांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, चेहरा झाकूनही नाही. आपल्याकडे गावाचं नाव आणि "निवृत्त पोस्टमास्तर" एवढ्यावरून माणूस ओळखला जातो.

आणि शिकलेलं वॉर्डात उतरवायचं तर व्याख्यानं ठेवू नयेत. पाळी बदलताना पंधरा मिनिटं, आठवड्याला एकच गोष्ट, ती पण हातात घेऊन दाखवता येईल अशी. पहिल्या आठवड्याला ताट घ्या. पांढरा भात पांढऱ्या प्लेटमध्ये दिसत नाही, आणि स्टीलच्या ताटावर दिव्याची तिरीप चमकते तिथे आजोबा बोटाने काहीतरी उचलू पाहतात. तोच वरणभात निळ्या किंवा लाल मेलामाइनच्या ताटलीत, गडद टेबलावर फिकी चटई घालून, एका वेळी एकच पदार्थ असा वाढा. आधी आणि नंतर ताटात किती उरलं ते आठवडाभर लिहून ठेवायला मावशींनाच सांगा. वही त्यांच्या हातात द्या.